अर्धा कोयता

गेल्या जानेवारीत, संक्रांत होऊन आठवडा झाला असताना, सरांनी कोल्हापूरकडच्या एका फडावर सलग चार दिवस उसाच्या मोळ्या बांधल्या. सर तोडणी कामगार नव्हते. परळी तालुक्यात सिरसाळ्याजवळच्या एका शाळेत ते क्रीडाशिक्षक होते आणि निवृत्तीला चार महिने राहिले होते. त्याच चार दिवसांत त्यांच्या शाळेच्या मुली नाशिकला राज्य शालेय बेसबॉल स्पर्धा खेळत होत्या. सर त्या संघाचे प्रशिक्षक होते.

रजेच्या अर्जात कारण म्हणून त्यांनी ‘ऊसतोडणी’ असे लिहिले. मुख्याध्यापकांनी ‘कौटुंबिक कारण’ लिहायला सुचवले.

“खोटं कावून लिहायचं?” सर म्हणाले. “कुटुंब घरीच हाय. मी ऊस तोडायला चाललोय.”

अर्ज मंजूर झाला. तो शाळेच्या फायलीत आहे. मी पाहिला आहे.

सर स्वतः कधीही बेसबॉल खेळले नाहीत. ते मूळचे आष्टीकडचे, तालमीतले. नोकरीच्या सुरुवातीला क्रीडाशिक्षकांचे दहा दिवसांचे एक शिबिर झाले. तिथे कुणाच्या वाट्याला खो-खो आला, कुणाच्या कबड्डी. सरांच्या वाट्याला बेसबॉल आला. परतताना त्यांच्याजवळ एक नियमपुस्तिका आणि एक चेंडू होता. त्या आठवड्यात त्यांनी तो चेंडू ब्लेडने उसवला. चामड्याच्या आत लोकरीचा दोरा गुंडाळलेला होता. मी तेव्हा त्यांचा विद्यार्थी होतो; सरांनी दोऱ्याचे टोक माझ्या हातात दिले आणि मैदानाच्या कडेने चालायला सांगितले. एक फेरी पूर्ण झाली तरी दोरा संपला नव्हता.

चेंडू परत बांधता आला नाही. पुढे नवा चेंडू येईपर्यंत आम्ही सायकलच्या ट्यूबचे रबर लावून बांधलेल्या चिंध्यांच्या चेंडूने सराव केला. दोरा मात्र सरांनी टाकला नाही. मैदानाच्या एका टोकाला दोन बांबू रोवले आणि त्यांच्यामध्ये त्या दोऱ्याची चौकट ताणली: एक आडवी ओळ गुडघ्याच्या उंचीला, एक छातीच्या, आणि दोन उभ्या. बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात. त्याने टाकलेला चेंडू समोरच्या बॅटरच्या गुडघा आणि छाती यांमधल्या अशाच एका न दिसणाऱ्या चौकटीतून गेला, किंवा बॅट फिरवूनही लागला नाही, की तो स्ट्राइक. तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद. चौकटीबाहेरून चार चेंडू गेले की बॅटर आयता पहिल्या बेसवर, म्हणजे धाव पूर्ण करण्याच्या वाटेवरच्या पहिल्या थांब्यावर. सगळा खेळ या चौकटीवर चालतो. आमच्या शाळेत ती डोळ्यांना दिसत होती.

“चेंडूच्या पोटातला दोरा हाय हा,” सर सांगत. “चेंडूला घरची वाट ठावं असती. तुमी फक्त आडवं येऊ नका.”

माझ्या तुकडीने ती चौकट तीन वेळा तोडली. सरांनी तीन वेळा गाठ मारली. त्या गाठी अजून आहेत.

मी त्यांचा पहिला पिचर. माझ्याविषयीचे त्यांचे मत त्यांनी पहिल्याच आठवड्यात सर्वांसमोर सांगितले होते. “तुझा हात लई हुशार हाय बे. पाय ढ हाय.” चेंडू हाताने फेकला जातो हे त्यांना मान्य नव्हते. चेंडू पायाने ढकलायचा, कंबर दारासारखी उघडायची आणि हाताने नुसता निरोप पोचवायचा, असे ते म्हणत. त्यामुळे पहिले दोन महिने आम्हाला चिंध्यांचाही चेंडू मिळाला नाही. सकाळी नांगरलेल्या रानातून पळायचे. मग बांधावर एका पायावर उभे राहायचे, दुसरा गुडघा कमरेपर्यंत वर, आणि सर दहावी ‘अ’ची हजेरी घेणार. नाव, बापाचे नाव, आडनाव, सगळे सावकाश. मध्ये कुणाचा पाय टेकला की पुन्हा पहिल्या क्रमांकापासून. त्या वर्गात माझे नाव एकेचाळिसावे होते. स्वतःचे नाव एका पायावर ऐकायला मला पाच आठवडे लागले.

मनगट सैल हवे म्हणून त्यांनी आम्हाला भाकरी करायला लावली. शाळेच्या मागे चूल मांडली, पीठ घरून आणायचे. मुलांनी नाकं मुरडली. सर परातीसमोर बसले आणि त्यांनी स्वतः एक भाकरी थापून दाखवली. ती गोल नव्हती, पण फुगली. “जोर दिला की फाटती. न्हाई दिला की जाड ऱ्हाती,” ते म्हणाले. “ह्याच्यापेक्षा जास्त मला चेंडूबद्दल सांगता येत न्हाई.” गावात काही दिवस आम्हाला सुना म्हणत. आज माझी भाकरी घरात सर्वांत चांगली होते.

घरोघरी जाऊन ते आयांना सांगत, पोराला उजव्या हाताने ओले कपडे पिळायला लावू नका, घागर त्या खांद्यावर देऊ नका. भेटल्यावर ते नमस्कार करत नसत. हात हातात घेऊन बोटांची पेरं दाबून बघत. मी नोकरीला लागल्यावर, लग्नात, बारशाला, प्रत्येक वेळी त्यांनी आधी माझी बोटे पाहिली आणि मग ख्यालीखुशाली विचारली.

तुरीच्या दाण्यांची गोष्ट सांगितल्याशिवाय सर कळणार नाहीत.

सामन्याच्या दिवशी त्यांच्या पॅन्टच्या डाव्या खिशात तुरीचे मोजलेले दाणे असत. माझ्या वयाला पंच्याऐंशी. पिचरने एक चेंडू टाकला की एक दाणा डाव्या खिशातून उजव्या खिशात. डावा खिसा रिकामा झाला की पिचर खाली. सामना कुठेही असो. वाढत्या वयाचा खांदा दिवसाला किती चेंडू सोसतो हे त्यांनी शिबिरात ऐकले होते आणि त्यात ते एकाही दाण्याची सूट देत नसत.

जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात शेवटच्या डावात आम्ही एका धावेने पुढे होतो. दोन बाद झाले होते, पण त्यांचे दोघे बेसवर होते. जिंकायला एक बाद हवा होता. सर मैदानात आले आणि त्यांनी माझ्यापुढे हात केला.

“चेंडू दे.”

“सर, एकच राहिलाय.”

“खिशात एकबी न्हाई राहिला.”

मी चेंडू दिला. माझ्या जागी आलेल्या मुलाचा दुसरा चेंडू बॅटरने कुंपणापर्यंत मारला. आम्ही हरलो. गावातल्या हॉटेलात महिनाभर त्यांना कुणी चहा विचारला नाही. एका पालकाने तुरीचे पोते शाळेच्या दारात आणून टाकले आणि म्हणाला, “घ्या मास्तर, पुढच्या सालाला कमी पडायला नको.” सरांनी पोते ठेवून घेतले. त्यातलेच दाणे ते पुढे वापरत.

समोरच्या संघाच्या पिचरने त्या दिवशी पहिल्यापासून शेवटपर्यंत चेंडू टाकले होते. दोन वर्षांपूर्वी तो मला आष्टीच्या बाजारात भेटला. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही म्हणाला. माझा जातो.

हात आणि पाय झाल्यावर सर डोक्याकडे वळत. हे शिक्षण सिरसाळ्याच्या आठवडी बाजारात होई. बाजाराच्या कडेला जनावरांची जागा आहे. तिथे सर दोन बांबू रोवत, दोऱ्याची चौकट बांधत आणि पिचरला उभे करत. शेळ्यांचे व्यापारी मुनीरचाचा यांना सरांनी एक काम दिले होते: पिचरला बोलायचे. चाचांनी हे काम मनावर घेतले. ते माझ्या मागे सहा फुटांवर खाटेवर बसत.

“क्या बे, हा हात हाय का बाभळीची फांदी?” मी पहिला चेंडू टाकायच्या आत ते म्हणत. “मास्तर, ह्याला घरी पाठवा. माझी बकरी बरी फेकती.”

बाजार हसे. चेंडू चौकटीबाहेर जाई. सर जमिनीकडे बोट दाखवत. चुकलेल्या चेंडूवर त्यांचा एकच उपाय होता. खाली वाकायचे, चिमूटभर माती उचलायची, झाला तो चेंडू त्या मातीत घालायचा, माती पाठीमागे टाकायची आणि श्वास सोडायचा.

“गेलता तो गेला,” सर म्हणत. “आता हातात दुसराच हाय. ह्याचा काय गुन्हा?”

ज्या मुलीसाठी सरांनी मोळ्या बांधल्या, ती कोमल त्यांना याच बाजाराच्या वाटेवर दिसली. तेव्हा ती सातवीत होती आणि आजोबांच्या शेळ्या वळत होती. सर सायकल थांबवून बराच वेळ बघत राहिले. शेळी पिकाकडे गेली की कोमल ढेकूळ फेकत होती. ढेकूळ शेळीला लागत नव्हते. दर वेळी ते शेळीच्या तोंडापुढे वीतभर अंतरावर पडत होते आणि शेळी वळत होती.

“शेळीला मारत कावून न्हाईस गं?” सरांनी विचारले.

“मारल्यावर ती पळंल की,” कोमल म्हणाली. “मला तिला वळवायचीय.”

सर त्या संध्याकाळी मला बीडला फोन करून एवढेच म्हणाले, “सापडली.” मी तेव्हा जिल्ह्याच्या एका दैनिकात बातम्या तपासण्याचे काम करत होतो. त्यांना काय सापडले ते मला दुसऱ्या दिवशी कळले.

पुढची साडेतीन वर्षे कोमल एका पायावर हजेरी ऐकत राहिली. भाकरी तिला शिकवावी लागली नाही. बाजारात मुनीरचाचा आता म्हातारे झाले होते, पण जीभ शाबूत होती. “ए बाई, चेंडू टाकायलीस का दळण टाकायलीस?” ते विचारत. पहिल्या दिवशी ती रडली. दुसऱ्या दिवशी तिने माती उचलली. तिसऱ्या महिन्यात ती चेंडू हातात फिरवत मागे वळून म्हणाली, “चाचा, कालचंच बोलायलात. नवीन काय न्हाई का?” चाचांनी सरांकडे पाहून हात जोडले. त्यानंतर बाजारातला सराव बंद झाला.

तिचा चेंडू फार वेगवान नव्हता. तो बॅटरला हवा तिथे येतो आहे असे वाटत असताना चौकटीच्या खालच्या बाहेरच्या कोपऱ्यात, वीतभर आत, पडत असे. “बॅटरला मारायचं न्हाई,” सर सांगत. “वळवायचं.”

त्या जानेवारीआधीच्या पावसाळ्यात मुलींनी जिल्हा जिंकला आणि दिवाळीआधी विभाग जिंकला. राज्य स्पर्धा जानेवारीत होती. कोमल दहावीला होती. शालेय स्पर्धेचे तिचे हे शेवटचे वर्ष.

दिवाळीनंतर कोमल शाळेत आली नाही.

तिचे आईवडील दर वर्षी ऊसतोडीला जात आणि कोमल आजोबांजवळ राहत असे. त्या वर्षी आईची कंबर गेली. ऊसतोडणीच्या टोळीत माणसे मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे दोन माणसे: एक ऊस तोडतो, दुसरे माणूस पाला काढून मोळी बांधते आणि गाडीपर्यंत वाहते. दोघांतले एक नसेल तर कोयता बंद. आईच्या जागी कोमल गेली. ती अर्धा कोयता झाली.

सर पहिल्याच रविवारी एसटीने कोल्हापूरकडे गेले. सोबत दोन चेंडू आणि दोऱ्याची चौकट होती. टोळीची पालाची खोपटी एका ओढ्याच्या काठाला होती. सरांनी दोन उसांमध्ये चौकट बांधली. चेंडू झेलायला कुणी नव्हते, म्हणून कोमलच्या वडिलांनी पोत्याच्या चार घड्या हाताला बांधल्या आणि ते चौकटीमागे बसले. दिवसभर तोडणी झाल्यावर, उजेड आहे तोवर, तीस चेंडू. यापुढे एक नाही. वडील रोज तीस दाणे मोजत. टोळीचा मुकादम पहिल्या दिवशी म्हणाला, “बापाला दगडं मारायची ही कोणती शाळा हाय?” दुसऱ्या आठवड्यात तो स्वतः बॅटच्या जागी एक ऊस घेऊन उभा राहू लागला. त्याला एकदाही चेंडू लागला नाही आणि याचा त्याला राग होता.

सर असे पाच वेळा गेले. सहाव्या वेळी, स्पर्धेच्या आदल्या दिवशी, त्यांच्याबरोबर भूगोलाच्या मॅडम होत्या. मुलींच्या संघाबरोबर शिक्षिका लागते. त्या कोमलला घेऊन परस्पर नाशिकला जाणार होत्या; बाकीच्या मुली गावाहून थेट तिथे पोचणार होत्या. पुढचे बोलणे मी मॅडमकडून आणि मुकादमाकडून, वेगवेगळे, ऐकले आहे. दोघांच्या सांगण्यात फरक नाही.

कोमलचे वडील म्हणाले, “सर, माझी ना न्हाई. मला कावून नको वाटंल? पण चार दिवस कोयता बंद ठेवता येत न्हाई. कारखान्याची गाडी थांबत न्हाई.”

“बदली माणूस द्या,” मुकादम म्हणाला. “बदली असला तर पोरीला आत्ता घेऊन जा.”

“गावात मोकळं माणूस हाय का ह्या दिसात?” वडील म्हणाले. “समदी इथंच हायती.”

“देतो बदली,” सर म्हणाले.

“कोण?”

“मी.” रजेचा अर्ज ते आधीच मंजूर करून आले होते.

मुकादम हसला. “मास्तर, तुमचा हात खडूचा.”

“मी पी.टी.चा हाय. खडू मला कुणी देत न्हाई.”

“आन् तिकडं म्याचला कोण?”

“तिकडं ती हाय की,” सर म्हणाले. “चेंडू तिला टाकायचाय. मला न्हाई.”

कोमल म्हणाली, “सर, तुमी न्हाई तर मी न्हाई जात. तुमी इथं मोळ्या बांधायच्या आन् मी तिकडं खेळायचं, हे बरं दिसतं का?”

सरांनी तिचा हात घेतला आणि बोटांची पेरं दाबली. कोयत्याने आणि उसाच्या पाल्याने ती फुटली होती. “हे चार दिस सुकू दे,” ते म्हणाले. “मी तुला साडेतीन वर्सं काय शिकवलं? मी नसताना उभं ऱ्हायला. आता मी नसतो.”

मग त्यांनी डाव्या खिशातून एक पिशवी काढली आणि मॅडमना दिली. पिशवीत ऐंशी दाणे होते. ज्या दिवशी कोमल टाकेल त्या दिवशी हे दाणे, दर चेंडूला एक. संपले की तिला उतरवायचे.

“आणि सामना अडलेला असला तर?” मॅडमनी विचारले.

“मॅडम, तुमी नकाशा शिकवता,” सर म्हणाले. “नदी अडली म्हणून तुमी ती पुसता का?”

मॅडमना हे उत्तर आजही नीट कळलेले नाही, असे त्या सांगतात. पण पिशवी त्यांनी घेतली. कोमल निघण्याआधी सरांनी तिच्याकडून एक मोळी बांधून घेतली आणि ती बघत राहिले. बांधायला दोरी नसते. उसाचाच हिरवा शेंडा पिळून त्याची गाठ मारतात.

सरांनी पहिल्या दिवशी बांधलेल्या मोळ्यांपैकी निम्म्या गाडीच्या फळीवर चढताना सुटल्या. दुसऱ्या दिवशी कमी सुटल्या. संध्याकाळी ते मुकादमाला म्हणाले, “माझा हात हुशार हाय. पाय ढ हाय.”

मी रजा काढून नाशिकला गेलो होतो. कोमलने पहिला सामना टाकला आणि जिंकला. मधल्या दोन सामन्यांत दुसऱ्या मुलीने पिचिंग केले. सरांची आखणी तशीच होती. चौथ्या दिवशी दुपारी अंतिम सामना होता. समोरचा संघ एका मोठ्या शहरातला, स्वतःचे मैदान असलेल्या शाळेचा. त्यांच्या बाकावरच्या मुलींना कुठूनतरी कळले होते.

“ए ऊसवाली, कोयता आणलास का?” पहिल्याच चेंडूला आवाज आला. मग सगळ्या बाकाने तेच धरले.

कोमल चेंडू हातात घेऊन क्षणभर थांबली आणि हसली. पहिली बॅटर तीन चेंडूंत बाद झाली. नंतर मी तिला हसण्याचे कारण विचारले. “आमच्या बाजारात असं मिळमिळीत बोललं तर शेळीबी वळणार न्हाई,” ती म्हणाली.

पाचव्या डावापर्यंत आमच्या चार धावा आणि त्यांच्या दोन होत्या. सहाव्यात त्यांची एक धाव झाली. मॅडम बाकाच्या टोकाला, मांडीवर पिशवी ठेवून बसल्या होत्या. एक दाणा पिशवीतून काढून ओंजळीत टाकायचा, दुसरा काढायचा. त्यांनी सामना पाहिलाच नाही. सातव्या, शेवटच्या डावाला पिशवीत अठरा दाणे होते.

पहिली बॅटर बाद झाली. दुसरीने चेंडू मारून पहिला बेस गाठला. तिसरी बाद झाली. चौथीचा चेंडू आमच्या क्षेत्ररक्षक मुलीच्या हातातून सुटला. पाचवीला कोमलने चौकटीबाहेर चार चेंडू टाकले आणि ती आयती बेसवर गेली. आता तिन्ही बेसवर त्यांच्या मुली होत्या. दोन बाद. आम्ही एका धावेने पुढे. त्यांची सर्वांत ताकदीची बॅटर मैदानात येत होती. सकाळच्या सामन्यात तिने चेंडू कुंपणापलीकडे मारला होता.

कोमल खाली वाकली, चिमूटभर माती उचलली आणि पाठीमागे टाकली. मग तिने बाकाकडे पाहिले. मॅडमनी एक हात वर केला, पाचही बोटे उघडून.

तो हात पाहून मला माझा सामना आठवला. पाच दाण्यांत तीन स्ट्राइक हवे होते. सहावा चेंडू टाकायची वेळ आली तर मॅडम उठून मैदानात जाणार आणि चेंडू मागणार. नंतर मी त्यांना विचारले, खरेच गेला असता का? “गेले असते,” त्या म्हणाल्या. “रडत गेले असते.”

पहिला चेंडू खालच्या कोपऱ्यातून गेला. बॅटरने सोडला. स्ट्राइक. चार दाणे.

दुसरा बाहेर गेला. तीन.

तिसरा बॅटरने जोरात मारला, पण तो डाव्या रेषेच्या बाहेर पडला. नियमाने तो स्ट्राइक. दोन स्ट्राइक, दोन दाणे. त्यांचा बाक उभा राहिला. कोयत्याचे ओरडणे आता थांबले होते. सगळ्या नुसत्या टाळ्या वाजवत होत्या.

चौथा चेंडू उंच गेला. बॅटर हलली नाही. मॅडमनी पिशवीत हात घातला आणि शेवटचा दाणा दोन बोटांत धरून ठेवला.

कोमलने पुन्हा माती उचलली, टाकली, श्वास सोडला. ती एका पायावर नेहमीपेक्षा थोडी जास्त वेळ थांबली. चेंडू बॅटरच्या कमरेच्या उंचीने, मधोमध येत होता. बॅटरने पूर्ण ताकदीने बॅट फिरवली. चेंडू तोवर खाली, बाहेरच्या कोपऱ्यात, बॅटपासून वीतभर पुढे गेला होता. तो झेलणाऱ्या मुलीच्या हातमोज्यात वाजला तो आवाज मला बाकावर ऐकू आला.

स्पर्धा आमच्या शाळेने जिंकली.

मुली कोमलवर पडल्या होत्या. मी बाजूला जाऊन सरांना फोन लावला. फडात फोन नेला की लक्ष जाते म्हणून त्यांनी तो मुकादमाजवळ ठेवला होता. मुकादमाने उचलला. मी त्याला निकाल सांगितला. त्याने फोन कानाला तसाच ठेवून फडाकडे हाक मारली. बरीच गडबड ऐकू आली, कुणीतरी डबा वाजवत होते. मग मुकादम पुन्हा बोलला.

“मास्तर इचारायलेत, दाणे किती उरले?”

“एकही नाही.”

त्याने ते ओरडून सांगितले. तिकडून काहीतरी उत्तर आले.

“मंग बरोबर हाय म्हणायलेत.”

“आणि कोमलचे वडील?”

“ते कोयता घेऊन तसंच हुबं हायती,” मुकादम म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, “आता तोडायलेत. सरी ऱ्हायलीय एक.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मॅडम कोमलला घेऊन फडावर पोचल्या. सरांचे दोन्ही तळहात पाल्याने चिरले होते. कोमलने त्यांचा हात हातात घेतला आणि बोटांची पेरं दाबून पाहिली. मग चषक तिने वडिलांकडे दिला. त्यांनी तो खोपटात तिच्या आईच्या पत्र्याच्या पेटीवर ठेवला. कोमल मोळ्या बांधायला उतरली. सर संध्याकाळच्या एसटीने निघाले.

मेअखेरीस ते निवृत्त झाले. दोऱ्याची चौकट मैदानाच्या टोकाला आहे. तिच्यात आता पाच गाठी आहेत. जूनपासून सरावाला येणाऱ्या मुलींना भूगोलाच्या मॅडम एका पायावर उभे करून हजेरी घेतात.

चौथ्या दिवशी सरांनी बांधलेली एकही मोळी गाडी भरताना सुटली नाही. हे मुकादमाने सांगितले. मी ते गाडीवानाला आणि कोमलच्या वडिलांना विचारून पडताळून घेतले आहे.